साखरपुड्याच्या चॉकलेटचं गाऱ्हाणं

देवरूख, मंगळवार दुपार

ती. सौ. सगुणाताईंस मैनाचा नमस्कार.

तुमचा खांदा आता कसा आहे? वरच्या फळीवरचा डबा हाताला लागतो का, की अजून शेजारणीला हाक मारावी लागते? भाऊजींची साखर, त्यांनी चोरून संपवलेलं श्रीखंड आणि त्यावरून तुम्ही धरलेला अबोला, हे सगळं एव्हाना निवळलं असेल अशी आशा करते. इकडे सर्व खुशाल. आई बऱ्या आहेत, तुमचे बंधू बरे आहेत, तुमची सानवी बरी आहे, चॉकलेट बरं आहे. (हे शेवटचं वाक्य परत वाचू नका. एकदा वाचून झालं की पुढे चला.)

फोन टाकून हिला पत्राची काय हौस आली, असं तुम्ही म्हणाल. राग मानू नका ताई, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे मी तुम्हाला माझ्या पित्ताचं खाजगीत सांगत होते, तर तुमच्याकडे बसलेल्या कुणा बाईंनी मला ओवा चावून खायला सांगितला. ओव्याने बरं वाटलं, ते सोडा. पण आज जे लिहायचंय ते त्या बाईंच्या कानावर जायला नको. आपल्या वाडीतला सदू संध्याकाळच्या गाडीने मुलुंडला चाललाय, त्याच्या हाती हे देते. (आला की त्याला चहा द्या, पण काही विचारू नका. त्याला काहीच माहीत नाही, आणि माहीत नसलं की तो जास्त सांगतो.)

तर रविवारचं. सानवीच्या साखरपुड्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आमच्या मैनाने घरच्या कोकोपासून केलेलं चॉकलेट पडेल, पेढे हल्ली कोण खातंय, असं तुम्ही पुण्याला शुभंकरच्या घरच्यांना सांगून बसलात. मला आधी विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच तुम्ही आधी सांगितलंत आणि मग विचारलंत, हे मी ओळखून आहे. असो. आता सगळ्या पुण्याचं लक्ष माझ्या डब्यांकडे लागलंय आणि रविवारी हॉलवर चॉकलेट पोचलं नाही तर तुमची मान खाली जाईल, या विचाराने आठवडाभर मी उठता-बसता डबे मोजतेय. रात्री डोळा लागला की स्वप्नात व्याहीबुवा हात पुढे करून उभे असतात आणि मी त्यांच्या हातावर फणसाची भाजलेली आठळी ठेवते.

तुम्हाला वाटतं चॉकलेट म्हणजे नारळाच्या वड्या. आटवलं, थापलं, कापलं. अहो, पोफळींच्या मधल्या झाडांवरून कोकोची फळं काढायची, फोडायची, बिया पेटीत घालून केळीच्या पानांखाली आंबत ठेवायच्या. (त्या वासावरून पोलीस पाटील दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांचा चेहरा जरा उतरलेला वाटला.) मग वाळवायच्या, भाजायच्या, सुपात पाखडून फोलं उडवायची आणि जे उरेल ते साखरेबरोबर दगडी ग्राइंडरमध्ये दोन-तीन दिवस अखंड दळायचं. अखंड, ताई. मध्ये थांबलं की सगळं घट्ट बसतं आणि दगड धरून ठेवतं. पुढे साच्यात ओतायचं काम थंड आणि कोरड्या खोलीतच होतं, आणि मे महिन्यात आपल्या घरात थंड आणि कोरडी खोली एकच. तुम्ही आईंसाठी एसी बसवून दिलात ती. आई सध्या ओटीवर झोपतात. (मी त्यांना हलवलेलं नाही. एसीने गुडघे धरतात असं त्या आपणहून म्हणाल्या. मी फक्त लगेच 'हो ना' म्हटलं.)

आणि मला काय हा एकच उद्योग आहे? भजनी मंडळात पेटी माझ्याकडे. क्रोशाचं ते टेबलावरचं आच्छादन, जे मी तुम्हाला तुमच्या पन्नाशीला देणार होते, ते अजून अर्धं आहे. (साठीला नक्की.) शिवाय शुक्रवारी वाडीची पूजा. मुंबईकर सगळे आलेत, रात्री बायकांचं नाटक आहे, आणि त्यात मी वकील. मोठी भूमिका आहे. तिसऱ्या अंकात भेदरलेल्या साक्षीदाराला मी बोलतं करते आणि त्यावरच सगळा खटला फिरतो. कोर्टाच्या प्रवेशासाठी म्हणून देवरूखच्या एका खऱ्या वकिलांचा काळा कोट मागून आणलाय. मे महिन्यात तो घालून एसी नसलेल्या खोलीत उभं राहणं माणसाच्या शक्तीबाहेरचं आहे, म्हणून मी तालीम चॉकलेटच्या खोलीतच करते. दार लावायचं, ग्राइंडर घरघरत असतो, मी खच्चून ओरडले तरी बाहेर कुणाला त्रास नाही. आई म्हणतात, हिला एवढे छंद आहेत, त्यात एखादा स्वयंपाकाचाही असता तर बरं झालं असतं. मी हसून घेते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, सानवीची मदत फार होते. इथल्या कॉलेजला सुट्टी लागली तेव्हा वाटलं, आता पोरगी आईकडे मुंबईला पळेल, साखरपुड्याची खरेदी वगैरे. पण नाही. म्हणाली, मामी, मी इथेच राहते, तुझ्याबरोबर फोलं काढते. दिवसचे दिवस गप्प बसून फोलं काढते हो. हल्लीच्या मुलींत एवढा सोशीकपणा बघायला मिळत नाही. तुमचं वळण, दुसरं काय.

आता घडलं ते सांगते. पहिल्यांदा आईंचं. (तुमची आई म्हणून सांभाळून लिहितेय.) कोकोच्या बिया अंगणात वाळत घातल्या होत्या आणि शेजारीच त्यांची आमसुलं. आमसुलांना रोज रसाचं पुट द्यायचं, परत वाळवायचं, हे तुम्हाला सांगायला नको. मी भजनाला गेले होते. आईंनी आमसुलांना पुट दिलं, रस उरला, आणि शेजारी वाळत पडलेल्या त्या कोरड्या, बिचाऱ्या बिया बघून त्यांना दया आली. एक दिवस नाही, मी जेवढे दिवस भजनाला जात होते तेवढे दिवस. मीठ घालून. मी भाजायला घेतल्या तेव्हा घरभर सोलकढीचा वास. एक दाणा तोंडात टाकला आणि माझे डोळे आपोआप मिटले. अर्ध्याहून जास्त माल गेला, ताई. मी आईंना एक शब्दही बोलले नाही. (दोन बोलले. पण ते नाटकातले होते असं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते मानलं.) ओटीवरच्या टोपलीत थोड्या बिया राहिल्या होत्या, त्या वाचल्या. त्यातून एकच घाणा निघणार आणि तो रविवारला जेमतेम पुरणार. म्हणजे आता चुकायची सोय उरली नाही.

तो शेवटचा घाणा मी गेल्या शनिवारी सकाळी ग्राइंडरला नारळ वाढवून सुरू केला. परवा, रविवारी दुपारी मी कोट चढवून आत तालीम करत होते. तिसरा अंक, साक्षीदाराचा प्रवेश. मी अगदी रंगात आले होते, आणि खटकन सगळं बंद. ग्राइंडर बंद, एसी बंद, पंखा बंद. मी तशीच कोटात बाहेर आले आणि काय काय बोलले ते लिहीत नाही. सानवी दारापाशीच उभी होती, माझा तो अवतार बघून पांढरी पडली. तिला म्हटलं, अशी बघत काय उभी राहिलीस, मेणबत्ती आण! (भर दुपारी.) ती काहीतरी सांगायला बघत होती, पण मला कुठली ऐकायला सवड. मी अंगणात जाऊन आकाशाकडे बघून लाइटवाल्यांचा उद्धार केला.

आणि ताई, आपल्याकडे लाइट गेली की ती का गेली हे कुणी बघतं का? गेली म्हणजे गेली. पंखा हातात घ्यायचा आणि ओटीवर बसायचं. तसे आम्ही सगळे बसलो. तुमच्या बंधूंनी तर झोप काढली. चांगला तासाभराने आईंच्या लक्षात आलं की पलीकडच्या घरात टीव्ही चालू आहे. मग धावपळ, मग शिवा वायरमनला बोलावणं. त्याने आत येऊन मेन स्विच वर केला आणि सगळं घर उजळलं. "खाली पडला व्हता, दुसरा काय नाय," म्हणाला. आपोआप कसा पडेल, विचारलं तर म्हणाला, "पडतो कदी कदी. मानसासारकाच हाय तो."

पण तोवर ग्राइंडरमधलं चॉकलेट घट्ट. दगड हलेनात, मोटर नुसती हुंकार देतेय. मी सानवीचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि भांड्याला चहूबाजूंनी गरम वारा देत बसले. आई दारातून डोकावल्या. "काय गो मैना, मिशनीला न्हायला घातलंस काय?" मी रडायच्या बेतात होते. खरंच सांगते, तिथे खाली फरशीवर बसून मी म्हटलं, देवा, माझ्या फजितीचं काही नाही, पण पोरीच्या मंगल कार्यात माझ्यामुळे विघ्न नको.

देवाचं नाव काढलं, तेवढ्यात आईंना सुचलं. कौल लावू या. मीही नको म्हटलं नाही, कारण त्या वेळी मला कुणीही काहीही सुचवलं असतं तरी मी केलं असतं. काल सकाळी आई, मी आणि तबक धरायला सानवी अशा तिघी देवळात गेलो. केरूकाका गुरवांनी देवाच्या छातीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. (मुंबईला राहून विसरला असाल म्हणून सांगते, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.) गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, लेकराच्या कार्याचा चाकलेट येळंत व्हऊदे." डावी पडली, आणि अशी झटकन, जणू देव वाटच बघत होता. आई म्हणाल्या, केरू, तू चाकलेट म्हणालास, देवाला काय कळणार, गोड पदार्थ म्हण. गोड पदार्थ म्हटलं. पुन्हा डावी. मग आईंनी प्रश्नच फिरवला, विघ्न कुणाच्या दोषाने आहे, आमच्या की बाहेरच्या? आता एकही पाकळी पडेना. आम्ही उभ्या. पाकळ्या सुकल्या तरी पडेनात. केरूकाकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "घरातल्या कुनाचा तरी काय तरी ऱ्हायलाय. तेवढा पुरा करा, मंग बगा."

झालं! कुणाचं काय राहिलंय याचा शोध सुरू झाला. वाडीच्या राखणदार देवाला नारळ राहिला होता, तो दिला. विहिरीच्या आसरांना खण-ओटी, ती दिली. चुलतसासऱ्यांच्या नावाने पान ठेवायचं राहिलं होतं, ते ठेवलं. तुमचे बंधू म्हणाले, माझा सकाळचा दुसरा चहा राहिलाय, तर आई त्यांच्यावरही डाफरल्या. सगळ्यांचं सगळं पुरं करून घरी आलो, मी भीतभीत बटण दाबलं, आणि दगड फिरले! आई म्हणाल्या, बघ. मी बघितलं. कालपासून ग्राइंडर चालू आहे, आत्ता हे लिहितानाही माझ्या शेजारी घरघरतोय आणि मी दर दोन ओळींनी त्याच्याकडे बघतेय. अजून उद्यापर्यंत दळायचं, परवा साच्यात, शुक्रवारी नाटक, शनिवारी डबे घेऊन आम्ही गाडीत. तेव्हा काळजीचं काहीही कारण नाही. तुम्ही निर्धास्त राहा.

भाऊजींना नमस्कार सांगा. ओव्याच्या बाईंनाही सांगा, पण कुणाचा ते सांगू नका.

तुमची,
मैना

ता. क. काळजीचं कारण नाही असं वर लिहिलंय, ते खरंच आहे. तरी असू दे म्हणून तुमच्या नाक्यावरच्या दुकानात रविवारसाठी पेढे सांगून ठेवा. सगळ्यांना पुरतील एवढे. व्याह्यांना कळू देऊ नका. वेळ आलीच तर पेढ्यांवर थोडी कोको पावडर भुरभुरवू, ती माझ्याकडे आहे. खरं म्हणजे एवढं सांगायलाच पत्र लिहायला बसले होते, पण एकदम लिहायला लाज वाटली.

ता. क. २. सदू आलाय, ओटीवर चहा पितोय, म्हणून घाईत लिहिते. पेढे रद्द करा! आत्ता चमच्याने थोडं काढून चाखलं. काय झालंय म्हणून सांगू, ताई! जिभेवर ठेवलं की कुठे गेलं कळत नाही. आईंनीही चाखलं आणि म्हणाल्या, आमसुलाचं पुट दिलं असतंस तर आणखी खुललं असतं. म्हणजे आवडलं. वकिलांच्या कोटाच्या बाहीला लागलंय, पण काळ्यावर दिसत नाही, फक्त वास येतो. सानवीचं तेवढं चाखायचं राहिलं, तिला हाक मारते आणि पाकीट बंद करते.

ता. क. ३. ताई, हे एकटीने वाचा. आत जाऊन, दार लावून.

मी सानवीला आत बोलावलं. चमचा तिच्या हातात दिला आणि मला कुठली दुर्बुद्धी झाली, वकिलीणबाईंच्या आवाजात म्हटलं, "घाबरू नकोस! तुझ्या मनात काय आहे ते स्पष्ट बोल! मी आहे तुझ्या पाठीशी!" चॉकलेट कसं झालंय ते सांग, एवढंच मला म्हणायचं होतं हो. पोरगी रडायला लागली. चमचा तसाच हातात, आणि रडतेय. म्हणाली, मामी, परवा पण तू हेच म्हणालीस.

रविवारी मी आत तालीम करत होते ना, तेव्हा ती दाराबाहेर होती. माझा आवाज ऐकला आणि तिला वाटलं, मामीला सगळं कळलंय, मामी आपल्यालाच विचारतेय. तिने दाराला तोंड लावून सगळं सांगितलं. आणि आतून मी परत तेच, बोल, घाबरू नकोस, बोल! तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा, मोठ्याने बोल, कोर्टाला ऐकू येऊ दे! ताई, तिला वाटलं, ग्राइंडरच्या आवाजात मामीला ऐकूच येत नाहीये. म्हणून तिने जाऊन मेन स्विच पाडला. आपलं बोलणं ऐकू यावं म्हणून. आणि मी बाहेर येऊन तिला मेणबत्ती आणायला लावली.

तिला हे लग्न नको आहे. शुभंकर चांगला मुलगा आहे असं तीच सांगते, त्याच्याबद्दल वाकडा शब्द नाही. पण नको आहे. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर तुम्ही विचारलंत तेव्हा ती 'बघू' म्हणाली म्हणे. आपल्या घरात 'बघू' म्हणजे काय असतं हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या बंधूंच्या 'बघू'वर मी वीस वर्षं काढलीत. आणि तुम्ही त्यावर हॉल ठरवलात. मी तरी काय केलं? ती दिवसभर मान खाली घालून फोलं काढत होती आणि मी तिच्या सोशीकपणाचं कौतुक करत होते. देवाला तीनदा विचारलं. राखणदाराला, आसरांना, मेलेल्या माणसांना त्यांचं त्यांचं दिलं, आणि ती तिथेच तबक धरून उभी होती. तिला एकदाही विचारलं नाही हो. मला फार वाईट वाटतंय, ताई.

आता माझं खरं मागणं. शुक्रवारी इकडे या. मैनाचं नाटक बघायला चालले असं सगळ्यांना सांगा आणि एकट्याच या, भाऊजी नकोत. फोन करू नका. दुपारपर्यंत पोचा, तिला जवळ घेऊन बसा आणि विचारा. ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका, ही तुमची खोड मला माहीत आहे. रागावायचंच असेल तर माझ्यावर रागवा, मी कोट घालून उभी राहीन. तिने तुमच्यासमोर हो म्हटलं तर पेढ्यांवर (ते आता रद्द करू नका) कोको भुरभुरवून रविवार साजरा करू. नाही म्हणाली तर शुभंकरच्या घरी फोन मी करीन, लागणारे शब्द मीच ऐकून घेईन. मी आहे पाठीशी असं मी तिला दोनदा सांगून बसलेय. वाक्य नाटकातलं होतं, पण तिने माझं म्हणून धरलंय, आणि आता ते मला मोडवत नाही.

चॉकलेटची वाट बघू नका. ग्राइंडर मघाशी मी माझ्या हाताने बंद केला. एसीच्या या थंडीत दगड पुन्हा बसतील, बसू देत. सदू गाडी चुकेल म्हणून हाका मारतोय, त्याच्या हातात पत्र देते आणि आत जाते. सानवीचं अजून बोलून झालेलं नाही.